अवचित समोर आलेला शत्रू

दिवाळीच्या सुटीत आमच्या मालमड्डीच्या घरी सोंगट्यांचा कापडी पट दरवर्षी माळ्यावरून खाली येतो. यंदा तो उलगडला तेव्हा बेंगळूरहून आलेला नातू मोबाइलवर ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा १९८६ साली जपानात निघालेला खेळ खेळत होता. रानातून चालणाऱ्या नायकापुढे दर थोड्या पावलांनी कोणी विचित्र प्राणी अवचित उभा राही, आणि नातू त्यास मारून पुढे जाई. ‘त्याने तुझे काय केले होते रे?’ आम्ही विचारले. ‘आजोबा, मी कुठे बोलावले त्याला? तो आपणहून आला!’

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जी गाठ आपण मागितली नाही, तिच्यात आपण जे वागतो त्याचे उत्तरदायित्व कोणाचे?

अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात भटक्या राक्षसांची गाठ फाशांवर ठरे. तीच रीत पुढे संगणकाने उचलली. गाठ दैवाधीन खरी, पण पुढे लढावे की पळावे, हे खेळणाराच ठरवतो. मात्र अनुभवाचे गुण मारणाऱ्यालाच मिळतात. पळणारा दुबळाच राहतो. म्हणजे खेळ हिंसेची सक्ती करीत नाही, फक्त बक्षीस तिच्या पदरात टाकतो. २०१५ सालच्या ‘अंडरटेल’ने नेमके यावर बोट ठेवले. तेथे प्रत्येक शत्रूला जीवदान देता येते. पण सर्वांना सोडणारा अखेरपर्यंत पहिल्याच पायरीवर राहतो. दयेची किंमत तेथे रोख मोजावी लागते.

पडद्यावरच्या चित्राला वेदना नसते, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. आमची चिंता चित्राची नाही, न विचारता उठणाऱ्या हाताची आहे. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्नही फासे कसे पडले याविषयी नव्हता; स्वतःस आधीच हरलेल्याला तिला पणास लावण्याचा अधिकार होता काय, याविषयी होता. दान दैवाचे असेल, पण पण माणसाचाच असतो.

आपल्या घराण्यांना हे नव्याने सांगायला नको. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. ते दान आपल्या वडीलधाऱ्यांनी मागितले नव्हते. शेजाऱ्याशी कोणत्या भाषेत आणि कोणत्या मनाने बोलावे, हे मात्र ज्याने त्याने आपल्या उंबऱ्यावरच ठरवले.

सोंगट्यांतही मारणे आहेच. तेव्हा आम्ही थोरपणाचा आव आणू नये. पण कवड्या पडल्यावर कोणती सोंगटी हलवावी, याचा विचार क्षणभर करावाच लागतो. त्या रात्री नातू पटावर बसला. आमची सोंगटी त्याच्या टप्प्यात आली होती. हात उचलून तो थांबला आणि म्हणाला, ‘आजोबा, हिला मारू, की दुसरी चालवू?’

शेवटी त्याने आमची सोंगटी मारलीच. पण तो थांबला होता, याचेच आम्हांस समाधान वाटले.