दुसरा बाण कोण मारतो?

ज्याचे डोके महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस ठणकते, त्याने दुःख कसे सोसावे, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. तो धम्माचाही आहे.

मला स्वतःला अनेक वर्षांपासून अर्धशिशी आहे. साखऱ्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या वर्गात शिकविताना अर्धे डोके फुटू लागते. उजेड सोसवत नाही, मळमळते, मुलांचा गलका घणासारखा आदळतो. एकदा नात्यातील एक वडीलधारी बाई कळवळून म्हणाली, "मागल्या जन्मीचे भोग हायेत बाबा, भोगूनच सरायचे." डोक्यापेक्षा ते वाक्य मला जास्त लागले. कारण आपल्या आजा-पणज्यांना गावकुसाबाहेर ठेवताना हेच सांगितले गेले होते.

मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना हाच प्रश्न विचारला होता. माणसाचे सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच होते काय? तथागतांनी हे मत खोडून काढले. वेदना पित्ताने, कफाने, वाताने, ऋतू पालटल्याने, आघातानेही होते. त्यांनी सांगितलेल्या आठ कारणांत कर्मफल हे केवळ एक आहे. बाबासाहेबांनी तर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची कल्पनाच नाकारली.

मग धम्म म्हणजे डोकेदुखीवरची गोळी काय? तसेही नाही. ब्रह्मदेशातील व्यापारी सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने इतके त्रासले होते की त्यांना मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. 1955 साली ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नका, असे त्यांनी प्रथम बजावले. पुढे गोयंकांचे दुखणे गेले, आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीत त्यांची विपश्यना शिबिरे सुरू झाली. परंतु गुरूची ती ताकीद आपण विसरू नये. रोगासाठी डॉक्टर आहे. दुखण्याचे दिवस वहीत लिहून ठेवावेत, झोप व जेवण वेळेवर घ्यावे. दुकानातून आणलेल्या गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवस घेत राहिल्यास त्यांनीच डोके दुखू लागते. एकाएकी भयंकर दुखले, तापासोबत मान ताठली किंवा हातपाय लुळे पडले, तर तात्काळ दवाखाना गाठावा.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा. तो ज्ञानी माणसालाही लागतो. दुसरा बाण शोकाचा व संतापाचा. तो अज्ञानी माणूस स्वतःलाच मारून घेतो.

मला येथे एक गोष्ट जोडावीशी वाटते. आपल्या घरांत दुसरा बाण पुष्कळदा दुसरेच मारतात. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होते. सून डोके बांधून निजली की घर म्हणते, "कामाच्या वेळेसच बरं दुखतं!" ती उठते, चुलीच्या धुरात भाकरी थापते आणि दुखणे लपवायला शिकते. कोणी तिला भगताकडे नेते, अंगारा लावते. दीक्षा घेतलेल्या घरात हे चालावे काय?

एका आजारी भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते, तेव्हा तथागतांनी स्वतः त्याला अंघोळ घातली. आपल्याला तर एवढेच करायचे आहे: खिडकी लावावी, मुलांना बाहेर न्यावे, त्या वेळची भाकरी आपण थापावी, आणि तिचे दुखणे खरे मानावे. पहिला बाण काढणे नेहमी आपल्या हाती नसते. दुसरा न मारणे मात्र आपल्याच हाती आहे.