पत्रादेवीला थांबशील ना

चि. बाळास, रत्नागिरीहून आजीचे अनेक आशीर्वाद.

मित्रांबरोबर गाडीने गोव्याला निघालायस, असं तुझी आई म्हणाली. जरूर जा. तू नीट वागशील याची मला खात्रीच आहे, काळजी तेवढी तुझ्या घाईची. म्हणून पहाटे उठून निघ (चहा-पोहे खाऊन हो, उपाशी पोटी नको), म्हणजे बांदा ओलांडल्यावर पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी घटकाभर बसता येईल.

१५ ऑगस्ट १९५५ ला तिथे पोर्तुगीज पोलिसांनी गोवामुक्तीसाठी निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पंजाबातल्या इसरू गावचा तरुण शिक्षक कर्नैलसिंग तिथेच पडला. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोद्राबाई राय तिरंगा घेऊन पुढे सरसावल्या आणि जखमी झाल्या. गोव्याच्या सीमेवर त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसं गेली.

मग भारत सरकारने सीमा बंद केली. सीमेच्या अलीकडचा आमचा मुलूख तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग पुढे १९८१ साली वेगळा झाला. आमच्या गावची निम्मी सोयरीक पलीकडे पेडण्यात. माझ्या आईचं माहेरही तिकडचंच, सकाळी चालत निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढ्या अंतरावर. त्या वर्षी चवथीला तिला जाता आलं नाही, आणि मग एकेक चवथ तशीच जात राहिली. घरात आमसुलंसुद्धा मोजून वापरायची रीत, पण माटवी बांधताना ती पहिला नारळ माहेरच्या गणपतीच्या नावाने बाजूला काढी आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. तिचे वडील गेल्याचं तिला दिवसकार्य उरकल्यावर कळलं. रात्रभर रडली, नि पहाटे उठून नेहमीसारखी शेतावर गेली.

सरकारचं चुकलं असं मी म्हणत नाही रे. निःशस्त्र माणसांना मारणाऱ्या राजवटीशी व्यवहार कसा ठेवायचा? पण त्याची झळ ज्या चुलींना बसली, त्यांचीही कुणी आठवण ठेवायला हवी, आणि तू ठेवशील.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्या चवथीला आई माहेरी गेली, तर भावाची मुलं तिला ओळखेनात. त्यांतला धाकटा, माझा मामेभाऊ, अजून पेडण्यात असतो. त्याला फोन केलाय, दुपारी तुम्ही सगळे जेवायला तिकडेच जा. हुमण करायला सांगितलंय. आणि जेवून हात धुतल्या धुतल्या गाडी काढू नकोस, त्याला खूप बोलायचं असतं.

तुझी,
आजी