पेन्सिलीने लिहिलेले नाव

युद्धाच्या धामधुमीत गाण्या-चित्रांचे काय काम, आधी पोटाचे बघा, असे हमखास म्हटले जाते. म्हणणाऱ्याचे चूक नाही. भुकेपुढे कोणाचेच काही चालत नाही. पण ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांनी काय केले, तेही पाहावे. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी चित्रकार फ्रिडल डिकर-ब्रँडेस यांची रवानगी प्रागजवळच्या तेरेझिन छावणीत केली. माणशी ५० किलो सामान नेता येई. फ्रिडल यांनी त्यात जमेल तेवढे चित्रकलेचे साहित्य भरले. छावणीत त्या मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. कागद पुरेना, तेव्हा मुले वापरलेल्या सरकारी फॉर्मच्या पाठीवर चित्रे काढत, रंगीत चिटोरे कापून चिकटवत. बाईंचा आग्रह एकच, चित्रावर आपले नाव घालायचे. छावणीच्या दप्तरात ही मुले म्हणजे पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांच्या यादीतले आकडे होती. त्यांच्याकडून नाव लिहून घेण्यात मला चित्रकलेहून मोठे शिक्षण दिसते. भाकरीने जीव तगतो, पण आपण कोण हे तिच्याने कळत नाही, आणि तेच पुसून टाकायचा छावणीचा खटाटोप होता.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. हीच कला मारेकऱ्यांच्याही कामी आली. छावणीतलेच एक कैदी, संगीतकार हान्स क्रासा यांची 'ब्रुंडिबार' ही मुलांची संगीतिका तेथे ५५ वेळा झाली. २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे पाहुणे आले, तेव्हा त्यांनाही ती दाखवली गेली, आणि छावणीत सारे ठीक आहे असे समजून पाहुणे फसले. मग मुलांनी गायलाच नको होते का? मला तसे वाटत नाही. दुष्ट बाजावाल्याला मुले एकजुटीने हरवतात, अशी ती गोष्ट. कैदेतल्या मुलांना तेवढा वेळ तरी जिंकता येई. संगीतिकेत काम करणारी मुले पूर्वेकडच्या गाड्यांतून नेली जात, त्यांच्या जागी दुसरी उभी राहत. फसवणुकीचे पाप फसवणाऱ्यांचे. ते या मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

मात्र कलेने त्यांना वाचवले, असे कोणी म्हणू नये. क्रासा आणि फ्रिडल, दोघांनाही ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला मारले गेले. चित्रे काढणारी बहुतेक मुलेही परतली नाहीत. निघण्यापूर्वी फ्रिडल यांनी सुमारे ४,५०० चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली होती. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत: फुले, घरे, फुलपाखरे, आणि पेन्सिलीने लिहिलेली पोरांची नावे.