श्रोत्यास विचारावे काय?

काही वर्षांपूर्वी एका नभोवाणी केंद्राच्या निमंत्रणावरून नीतिशास्त्रावर सहा भाषणे देण्याचा योग मला आला. त्यांसाठी मी ग्रंथ चाळले, टिपणे काढली, वाक्ये घासूनपुसून घेतली. परंतु ती कोण ऐकणार, कोणत्या वेळी आणि काय करता करता ऐकणार, हा प्रश्न माझ्या मनास शिवलाही नाही. पहिले भाषण आधी ध्वनिमुद्रित झालेले असल्यामुळे ते लागले तेव्हा मी घरीच होतो. वेळ सायंकाळची. वहिनी पोळ्या लाटता लाटता ऐकत होत्या. भाषण संपल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊजी, विषय चांगला होता हो, पण तुमचं एक वाक्य संपेपर्यंत माझी पोळी करपते!”

वर्गात माझ्यासमोर चेहरे असतात. एखाद्याच्या जांभईने मला वेळीच शुद्धीवर आणावे, अशी तेथे सोय आहे. कीर्तनकाराची गोष्ट तर याहूनही बोलकी आहे. पूर्वरंगातील निरूपण जड होत चालले, की तो समोरच्या डोळ्यांत पाहतो आणि अभंग उचलतो. नभोवाणीवरील वक्ता मात्र आंधळा असतो. त्याला आपला श्रोता दिसत नाही. म्हणून तो शोधावा लागतो. हा शोध ही निव्वळ व्यवस्थेची बाब नसून नीतीची बाब आहे, असे मला वाटते.

या शोधास विरोध करणारे सारेच अहंकारी होते असे नाही. इंग्लंडमधील बी.बी.सी.चे पहिले धुरीण जॉन रीथ यांची धारणा अशी, की लोकांना काय हवे एवढेच पाहून चालल्यास नभोवाणीचे तेज जाईल. त्यामुळे 1922 मध्ये जन्मलेल्या त्या संस्थेत श्रोतृसंशोधनाचा विभाग निघावयास 1936 साल उजाडले. आपल्याकडे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांची कथा सुप्रसिद्ध आहे. 1952 मध्ये नभोवाणीचे खाते हाती येताच त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. हेतू शुद्ध होता. शास्त्रीय संगीत घरोघर पोचावे अशी त्यांची तळमळ होती. परंतु श्रोत्यांनी वाद घातला नाही की मोर्चा काढला नाही. त्यांनी केवळ काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लाविला! अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीस ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

तर मग श्रोत्याची आवड हेच प्रमाण मानावे काय? येथे दुसरा खड्डा आहे. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय यांत केलेला भेद डोकी मोजून पुसला जात नाही. किंबहुना मोजणाऱ्यांनाही त्याची जाणीव झाली. बी.बी.सी.च्या संशोधनाचे प्रमुख रॉबर्ट सिल्व्ही यांनी कार्यक्रम किती जणांनी ऐकला आणि ऐकणाऱ्यांस तो किती भावला, ही दोन मापे निरनिराळी ठेविली. पुष्कळांच्या कानांवरून जाणारा कार्यक्रम कोणाच्याच मनात न उतरणे शक्य आहे. थोड्यांनी ऐकलेला त्या थोड्यांस जन्मभर पुरणेही शक्य आहे.

या दोन टोकांमधील वाट मला आपल्याच मुलखात सापडते. 1956 मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे 150 गावी शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापण्यात आली. आठवड्यातून दोनदा मंडळी जमत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची तपासणी केली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्यांच्याशी तुलना करता मंडळांच्या गावी ज्ञानाची भर पुष्कळच अधिक पडल्याचे दिसले. यातील मर्म असे, की विचारल्याने श्रोत्याची केवळ माहिती मिळत नाही. विचारला गेलेला श्रोता स्वतः पालटतो. आजवर ज्याला केवळ सांगितले जाई, तो आता विचार करू लागतो. आवड ही खाणीतील दगडासारखी घडलेली वस्तू नव्हे. ती रोपासारखी वाढणारी आहे. रीथ आणि त्यांचे टीकाकार हे दोघेही तिला स्थिर मानून चालले, ही दोघांचीही चूक होय.

म्हणून कार्यक्रमाची आखणी करणाराने श्रोत्याची सवय विचारावी आणि ती मुकाट्याने पाळावी. त्याची उसंत केव्हाची, हात कशात गुंतलेले, हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच आहे. त्याची आवड विचारावी आणि तिचा आदर करावा. परंतु सांगावयाचे काय, ही जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकून आपण मोकळे होऊ नये. प्रश्न विचारणे म्हणजे शरण जाणे नव्हे. मात्र उत्तर ऐकून आपण पालटावयाचेच नाही असे आधीच ठरविले असेल, तर विचारणे हे ढोंग होय.

उरलेली पाच भाषणे मी पुन्हा लिहिली. विचार तेच ठेविले, वाक्ये तोडली. दुसरे भाषण कर्तव्यावर होते. या खेपेस पोळी करपली नाही, पण वहिनी लाटणे खाली ठेवून म्हणाल्या, “ते सगळं खरं, भाऊजी, पण कर्तव्य ठरवायचं कोणी? सांगणाऱ्यानं, की करणाऱ्यानं?” या प्रश्नाचे माझे मला पटेल असे उत्तर अद्याप देता आलेले नाही.