न पाहिलेल्या चित्रपटाची साक्ष

"सर, पाहिला का?"

मार्च 2022 मधली गोष्ट. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने मला हे विचारले. कोणता चित्रपट, हे सांगायची गरज नव्हती. 11 मार्चला 'द काश्मीर फाइल्स' प्रदर्शित झाला होता आणि त्या दिवसांत 'पाहिला का' म्हणजे तोच. विचारणारा माणूस चांगला. अम्मीच्या आजारपणात रक्त द्यायला धावून आलेला. रविवारची दोन तिकिटे त्याने काढली होती, त्यातले एक माझ्यासाठी. मी म्हणालो, "रविवारी गावाला जायचंय." गावाला वगैरे काही जायचे नव्हते. तो सारा रविवार मी घरातच काढला, आणि एका साध्या प्रश्नाला आपण खोटे उत्तर का दिले, याचा विचार करत राहिलो.

आमच्या घरात सिनेमा टाळणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आजोबांनी जन्मात थिएटरची पायरी चढली नाही. सिनेमाच गैर, मग तो 'मुघल-ए-आझम' असो की 'जय संतोषी माँ'. अम्मी सिनेमे आवडीने पाहायची, पण रमजानचा चांद दिसला की महिनाभर त्यांचे नावही काढायची नाही. या दोघांच्या परहेजात एक स्वच्छपणा होता. कुणी विचारले तर ते कारण सांगत, आणि त्या कारणात कुणाविषयी राग नसे. माझ्या टाळण्याचे कारण मलाच धड सांगता येत नव्हते, म्हणून मी गावाला पुढे केले.

मग ते कारण कोणते? मला पडद्यापेक्षा मागच्या खुर्चीची भीती वाटत होती. चित्रपट संपताच थिएटरमध्ये कुणीतरी उभा राहतो, भाषण करतो, घोषणा होतात, अशा चित्रफिती त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होत्या. शेजारी बुरख्यातली बायको घेऊन मी तिथे बसलो असतो तर माझा चेहरा कसा ठेवायचा? रडलो तर नाटक म्हणतील, न रडलो तर दगड म्हणतील. ज्याला अंधारातही स्वतःचा चेहरा सांभाळावा लागतो, त्याच्याकडून चित्रपट पाहून होत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' आला तेव्हा शाळकरी भाच्याने हट्ट धरला. संभाजी महाराजांचा हाल हाल करून वध झाला हा इतिहास आहे, आणि महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला ते दुःख आपले वाटावे, यात वावगे काय? बहीण म्हणाली, "टीव्हीवर आला की घरीच बघू." मुलाने "का?" असे विचारले नाही. त्याने विचारले नाही, हेच मला जास्त लागले.

ही भीती खरी आहे आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. पण माझी चूक पुढेच झाली. त्या रविवारनंतर मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर विषय निघाला आणि मी ठासून सांगितले, "त्यात सगळं खोटंच दाखवलंय." मी तो पाहिला नव्हता. पाहणे टाळण्याचा मला हक्क होता. न पाहता साक्ष देण्याचा हक्क मला कुणी दिला?

अशी साक्ष कुठवर जाते, याचे एक उदाहरण आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे. मुस्तफा अक्काद या सीरियात जन्मलेल्या दिग्दर्शकाने पैगंबरांच्या काळावर 'द मेसेज' हा चित्रपट काढला. त्यात पैगंबर (स.) कुठेही दिसत नाहीत, त्यांचा आवाजही नाही. अँथनी क्विनने हजरत हमजा यांची भूमिका केली होती. पण क्विन पैगंबरांचेच काम करतो अशी वदंता पसरली. मार्च 1977 मध्ये वॉशिंग्टन येथे एका गटाने तीन इमारतींत शंभराहून अधिक लोकांना ओलीस धरले. त्यांच्या मागण्यांपैकी एक होती, हा चित्रपट थांबवा. त्या प्रकरणात एका तरुण रेडिओ पत्रकाराचा जीव गेला. ज्याच्यासाठी हे घडले, ते दृश्य चित्रपटात नव्हतेच! ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि मन या सर्वांना जाब द्यावा लागेल, अशा आशयाची ताकीद सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. ती आपण किती वेळा वाचतो! टपरीवरचे माझे वाक्य आणि वॉशिंग्टनची बंदूक यांत अंतर फार मोठे आहे, हे मान्य. पण निघण्याचे ठिकाण एकच.

टाळण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो अधिक अवघड. 1982 साली बी. आर. चोप्रांचा 'निकाह' आला. रागाच्या भरात एका दमात तलाक, आणि त्यात होरपळणारी स्त्री. आमच्याकडे कित्येकांनी तो 'आपल्या बदनामीचा' म्हणून टाळला. बदनामी कुणी केली होती? हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला होता. त्या सात जणींना कुठल्या निर्मात्याने पाठवले नव्हते. एका दमातला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवायला 2017 साल उजाडले. सूरह निसामध्ये न्यायासाठी साक्ष द्यायला सांगितले आहे, ती स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध जात असली तरी. 'निकाह' टाळताना आपण अपमान टाळत होतो की ही साक्ष, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आता दुसरी बाजू. एम. एस. सथ्यूंचा 'गर्म हवा' फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या एका मुस्लिम कुटुंबाची गोष्ट सांगतो. जातीय तणाव वाढेल या भीतीने सेन्सॉरने तो कित्येक महिने अडवून ठेवला. पुढे त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2002 च्या गुलबर्ग सोसायटीतील हत्याकांडात हरवलेल्या पारशी मुलावर बेतलेला 'परझानिया' 2007 मध्ये देशात लागला, पण गुजरातमधल्या थिएटरमालकांनी तो लावला नाही. इथे एक भेद करायला हवा. मी पाहत नाही, हा माझा परहेज. तुम्हालाही पाहू देणार नाही, ही जबरदस्ती. पण परहेज आणि जबरदस्ती या दोन्हींच्या मुळाशी कधी कधी एकच गोष्ट असते: दुसऱ्याचे दुःख पाहिले तर आपला हिशेब बिघडेल, ही धास्ती.

माझ्या मनात ती नव्हती, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. चित्रपट कसाही असो, 1990 मध्ये काश्मिरी पंडितांना घरेदारे सोडावी लागली, त्यांच्यातली माणसे मारली गेली, हे खरे आहे. ते मारणारे माझे नाव घेऊन मारत नव्हते, तरी माझ्या धर्माचे नाव घेत होते. चित्रपट टाळता टाळता मी या माणसांनाही टाळले होते. पुढे मी राहुल पंडिता यांचे 'अवर मून हॅज ब्लड क्लॉट्स' मिळवून वाचले. चौदाव्या वर्षी श्रीनगरचे घर सुटलेल्या मुलाने मोठेपणी लिहिलेले हे पुस्तक. वाचताना मागे कुणी बसलेले नव्हते. चेहरा सांभाळावा लागला नाही.

त्यानंतर एके दिवशी मी त्या सहकाऱ्याला सांगितले, "त्या रविवारी मी घरीच होतो. मला यायचं नव्हतं." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सरळ सांगायचं होतंत ना सर, मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?" मी त्याला पुस्तकाविषयी सांगितले. "तुम्ही 'परझानिया' पाहिलात का?" हा प्रश्न ओठांवर आला होता, तो मी गिळला. त्या क्षणी तो विचारला असता, तर एका दुःखाची दुसऱ्याशी वजावट केल्यासारखे झाले असते. कधीतरी विचारीन, तिकिटे काढून.

'द काश्मीर फाइल्स' मी अजूनही पाहिलेला नाही. कुणी विचारले तर आता "पाहिला नाही" एवढेच सांगतो, आणि तिथेच थांबतो.