पंचाहत्तरीतला प्रवासी



सेवेतून निवृत्त होण्याचा नियम पवित्र शास्त्रात शोधायला गेले तर तो गणनाच्या पुस्तकात, आठव्या अध्यायाच्या शेवटी सापडतो. लेवी लोकांनी २५ व्या वर्षी दर्शनमंडपाच्या सेवेत यावे आणि ५० व्या वर्षी त्या सेवेतून मोकळे व्हावे, असे परमेश्वराने मोशेला सांगितले. त्यांचे काम अंगमेहनतीचे होते. मुक्काम हलला की मंडप उतरवायचा, सामान वाहायचे, पुढच्या मुक्कामी पुन्हा उभा करायचा. पन्नाशीनंतर त्यांनी आपल्या भावांना मदत करावी, पण नेमून दिलेले काम त्यांच्याकडून घेऊ नये. थकलेल्या खांद्यांची काळजी सरकारने आणि कामगार संघटनांनी करण्यापूर्वी देवाने केली होती, हे वाचून बरे वाटते.

परंतु निवृत्त झालेला लेवी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करत असे, याबद्दल शास्त्रात काही लिहिलेले नाही. आज आपण त्या सकाळविषयी बोलणार आहोत.

श्रीपूर हे कारखान्याचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट उभी केली आणि तिच्या साखर कारखान्याभोवती हे गाव वाढले. शेजारच्या माळीनगरचा कारखानाही त्याच दशकातला. अशा गावात घड्याळापेक्षा भोंग्याला मान असतो. तीन पाळ्या, भोंगा झाला की डबा उचलायचा. असा माणूस निवृत्त होतो तेव्हा हार घालतात, श्रीफळ देतात, चार जण चांगले बोलतात. दुसऱ्या दिवशी भोंगा होतोच. माणूस सवयीने उठून बसतो आणि मग त्याच्या लक्षात येते की आज आपल्याला कोणी बोलावलेले नाही.

साखरेच्या कामगाराची एक गोष्ट बाहेरच्या लोकांच्या ध्यानात येत नाही. गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे आपल्या देशात हिंडण्याफिरण्याचे जे चांगले दिवस, ते सगळे बॉयलरपुढे आणि पॅनवर जातात. संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला, त्या वेळी गोव्याला जाणे अशक्य. नाताळ दरवर्षी हंगामात. मध्यरात्रीच्या मिस्साला रात्रपाळीवाला नसतोच. १९८६ च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे पुण्याला आले, तेव्हाही ऊस गव्हाणीत पडत होता. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला मात्र आपली माणसे जात आली, कारण ती यात्रा ८ सप्टेंबरच्या सुमारास असते आणि तोवर गाळप सुरू झालेले नसते. (हरेगावही बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचे गाव होते. उसातून निघायचे आणि उसातच जाऊन पोहोचायचे!) हंगाम संपल्यावर सुट्टी मिळाली तरी सोलापूर जिल्ह्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात कोण कुठे जाणार?

उजनीच्या जलाशयावर भिगवण, कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांचे गुलाबी थवे पाहायला मुंबई-पुण्याची माणसे पहाटे उठून येतात, होड्या करून पाण्यात जातात. आणि आपल्याकडे तीस-पस्तीस वर्षे त्याच भीमेच्या खोऱ्यात राहून ते न पाहिलेली माणसे आहेत. त्यांचा दोष नाही. पक्षी यायचे तेव्हा हंगाम असायचा.

म्हणून निवृत्तीनंतर येणारा पहिला हिवाळा हा अशा माणसाच्या आयुष्यातला पहिला मोकळा हिवाळा असतो. त्या हिवाळ्याचे तो काय करतो, हा प्रश्न आम्हाला लहान वाटत नाही. बहुतेक वेळा तो काहीच करत नाही. सकाळी गेटजवळच्या चहाच्या टपरीवर जातो, कोणती पाळी सुटली ते पाहतो, नव्या पोरांना काम येत नाही असे म्हणतो आणि घरी येतो. कुठे जायचे म्हटले की घरातून सूर निघतो, “आता या वयात कशाला? पडलात-झडलात तर कोण बघणार?” हे प्रेमाने म्हटले जाते, त्यात शंका नाही. पण प्रेमानेसुद्धा माणसाला खुर्चीत बांधून ठेवता येते.

या वयात कशाला, असा प्रश्न अब्राहामाला कोणी विचारला असेल का? उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे की हारान सोडून निघाला तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. सारा त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणजे ६५ ची. कुठे जायचे तेही नीट सांगितलेले नव्हते. देव दाखवील तो देश, एवढाच पत्ता. आता गंमत पाहा. आपल्या एसटीने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत केला आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट ठेवले. अब्राहाम अकलूजच्या स्थानकावर उभा असता तर त्याला तिकीट पडले नसते आणि साराला अर्धे पडले असते. साराला तर दोन कारणांनी सवलत, कारण मार्च २०२३ पासून सर्वच महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ज्या वयाला आपण माणसाचे सामान गुंडाळून ठेवतो, त्या वयाला देवाने एका माणसाला सामान बांधायला सांगितले.

अब्राहामापेक्षाही आम्हाला या बाबतीत कालेब जवळचा वाटतो. त्याचे नाव आपल्या प्रवचनांत फारसे येत नाही. मोशेने वचनदत्त देश पाहून यायला बारा हेर पाठवले, तेव्हा कालेब ४० वर्षांचा होता. दहा जण घाबरून परत आले. तिथली माणसे धिप्पाड, नगरे तटबंदीची, आपण त्यांच्यापुढे नाकतोडे, असे त्यांनी लोकांना सांगितले. जाता येईल असे म्हणणारे दोघेच, कालेब आणि यहोशवा. पण भीती लोकांना लवकर पटते. त्या भीतीपायी सगळ्यांची चाळीस वर्षे वाळवंटात गेली. पुढे देश मिळाला, जमिनीच्या वाटण्या सुरू झाल्या, तेव्हा कालेब यहोशवापुढे आला. आता तो ८५ वर्षांचा होता. त्या वयाला माणूस काय मागेल? नदीकाठचा सपाट तुकडा, सावलीचे झाड. कालेबाने डोंगर मागितला. हेब्रोनचा डोंगराळ मुलूख समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे, आणि ज्या धिप्पाड लोकांना ते दहा जण भ्याले होते, ते तिथेच राहत होते. पंचेचाळीस वर्षे त्याने तो डोंगर मनात जपून ठेवला होता.

आपल्यातल्या किती जणांच्या मनात असा एखादा डोंगर आहे, हे आपल्याला माहीत नसते. कोणाला पायथ्यापासून सिंहगड चढायचा असतो. कोणाला एकदा १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहायचे असते, राज्यातले सगळ्यात उंच ठिकाण म्हणून. कोणाला फक्त समुद्र पाहायचा असतो. सोलापूर जिल्ह्यात जन्म काढून समुद्र न पाहिलेली माणसे आजही आहेत, आणि हे सांगायला ती लाजतात.

धाडसाचे दर्शन घ्यायला फार लांब जायला नको. दर आषाढात तुकोबांची पालखी आपल्या भागातून जाते. अकलूजला गोल रिंगण होते, माळीनगरला उभे रिंगण. देहूपासून पंढरपूरपर्यंतची अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई पायी काढतात. डोक्यावर तुळस, पाठीला बोचके, पाऊस आला तर प्लॅस्टिकचा कागद. आपण त्यांना पाणी देतो, चहा देतो, ते चांगलेच करतो. त्यांना कोणी सांगितले नसेल का, या वयात कशाला म्हणून? सांगितलेच असेल. आपल्या या शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता पैशाविषयी, कारण त्याशिवाय हे बोलणे हवेतले होईल. वर्तमानपत्रात ज्येष्ठांच्या सहलींच्या पानभर जाहिराती येतात. त्या वाचून आपल्या कामगाराने उसासा टाकावा अशीच परिस्थिती आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ खाली किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले ते दरमहा १,००० रुपये. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. फंडाची रक्कम मिळते तिच्यावर मुलाच्या घराचा, मुलीच्या लग्नाचा, जुन्या कर्जाचा हक्क आधीच लागलेला असतो. म्हणून आम्ही कोणाला युरोप पाहून या असे सांगत नाही, आणि कर्ज काढून सहलीला जाणे तर मुळीच योग्य नाही. पण त्या रकमेतले काही हजार रुपये नवरा-बायकोच्या प्रवासासाठी बाजूला ठेवले, तर मुलांनी तोंड वाकडे करू नये. कालेबाने डोंगर मिळवला म्हणून त्याच्या लेकीचे काही बुडाले नाही. यहोशवाच्या पुढच्याच अध्यायात ती बापाकडे पाण्याचे झरे मागायला येते आणि तो तिला वरचे झरेही देतो, खालचेही देतो.

नवरा-बायको म्हटले आहे ते मुद्दाम. पुरुष निवृत्त होतो. त्याच घरातल्या बाईला कोण निवृत्त करते? तिने रात्रपाळीचा डबा भरला, पहाटेच्या पाळीचा चहा केला, आता नातवंडांचे दप्तर भरते आहे. भिशीतून किंवा महिला मंडळाबरोबर वेलंकनीला जायचे ठरले की ऐनवेळी तिचेच नाव गळते, कारण सुनेची नोकरी असते. आठ दिवस घर कोण सांभाळणार, हा खरा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर दर वेळी आजीनेच देऊ नये. सुना-मुलांनो, तुम्ही आठ दिवस रजा काढा. पवित्र मरिया स्वतः गरोदर असताना डोंगराळ मुलखात अलिशिबेच्या घरी गेली आणि तीन महिने राहिली. नाझरेथच्या घरी तेवढे दिवस कोणी तरी पाणी भरलेच असेल.

शरीराची काळजी घ्यावी, हे सांगितले पाहिजे. वय झाल्यावर हट्टाने चढणे ही श्रद्धा नव्हे. एलिया होरेब पर्वताकडे चाळीस दिवस चालत गेला, पण त्याआधी देवदूताने त्याला झाडाखाली झोपू दिले, भाकर खायला लावली, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला लावले. प्रवासाला निघण्यापूर्वी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, गोळ्या दोन ठिकाणी ठेवाव्यात, एकट्याने चढू नये. हिमालयात अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर विरळ हवेचा त्रास तरुणांनाही होतो, म्हणून तिथे चढ हळूहळू घ्यावा आणि डोके दुखू लागले, दम लागला तर खाली उतरावे. माथा राहिला तरी चालेल.

ज्या पोपच्या दर्शनाला हंगामामुळे अनेकांना जाता आले नाही, ते जॉन पॉल दुसरे १९७८ साली पोप झाले तेव्हा ५८ वर्षांचे होते. आपल्याकडे त्याच वयाला निवृत्तीचा हार घालतात. पोलंडमध्ये तरुणांना घेऊन डोंगर चढणारे, नदीत होडी वल्हवणारे हे धर्मगुरू, पोप झाल्यावरही उन्हाळ्यात आल्प्सच्या पायवाटांनी चालत. पुढे शरीर थकले, हात थरथरू लागला. १ ऑक्टोबर १९९९ रोजी, ७९ वर्षांचे असताना, त्यांनी जगभरच्या वृद्धांना पत्र लिहिले आणि वयाच्या मर्यादा आल्या तरी जगण्याची गोडी आपल्याला अजून आहे, असे त्यात सांगितले. चालता येत होते तोवर ते चालले. मग खुर्ची आली, तीही त्यांनी लोकांपासून लपवली नाही.

प्रभू येशूने पेत्राला पुनरुत्थानानंतर हेच सांगितले होते. तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून वाटेल तिकडे जात होतास, म्हातारा होशील तेव्हा दुसरा कोणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडे नेईल. पेत्राच्या मरणाविषयीचे ते बोलणे होते, तरी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला ते आपलेच वाटते. ज्यांना आज स्वतःच्या चपला स्वतः घालता येतात, त्यांनी या हिवाळ्यात निघावे. आणि ज्यांच्या घरात दुसऱ्याच्या हातांनी उठणारे-बसणारे कोणी आहे, त्यांनी त्यांना एकदा विचारावे, बाबा, कुठे जायचे आहे? उत्तर बहुधा लांबचे नसते. नरसिंगपूरला नीरा-भीमेच्या संगमावर, कालव्याच्या पुलापर्यंत, थोरल्या बहिणीच्या गावी. एखादे वेळी ते कारखान्याचेच गेट निघेल, रात्री, दिवे लागलेले असताना, बाहेरून.