मूळ आवाज कोणता?

‘टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीला अनेक घड्याळे एकदम वाजू लागतात. दोन स्पीकरांवर हा गजर समोरून येतो. भोवती स्पीकर मांडलेल्या सराउंडमध्ये मात्र ऐकणारा जणू घड्याळांच्या दुकानात मधोमध उभा असतो. टोल पाठीमागूनही पडतात आणि दचकून मान वळते.

हे गाणे ज्या अल्बममधले, तो पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मार्च 1973 मध्ये आला. साउंड इंजिनिअर जेम्स गथ्री यांनी 2003 मध्ये त्याचे 5.1 सराउंड मिक्स केले आणि पन्नाशीनिमित्त 2023 मध्ये डॉल्बी अॅटमॉस. रीमास्टर म्हणजे तयार मिक्सवर फिरवलेला शेवटचा हात. सराउंडसाठी मात्र टेपवरचे गिटार, ड्रम, आवाज सुटे करून पुन्हा मांडावे लागतात. मग इतकी मांडामांड झाल्यावर तो अल्बम तोच राहतो का?

भारतीय दर्शनांत हा वाद जुना आहे. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. उच्चार त्याला जन्म देत नाही, फक्त प्रकट करतो. न्यायसूत्रे मानणारे नैयायिक म्हणतात, शब्द उत्पन्न होतो आणि नाश पावतो. तो वाद वेदवाक्यांच्या प्रामाण्याचा होता, रॉक संगीताचा अर्थातच नाही. पण हाय-रेझोल्युशनचे चाहते नकळत मीमांसकांच्या पंगतीला बसतात. खरा अल्बम कुठेतरी शुद्ध रूपात आहेच, चांगले यंत्र मिळाले की तो प्रकट होईल, अशी त्यांची श्रद्धा असते. सीडीवर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, याच अल्बमच्या 2011 च्या ब्लू-रेवर 96,000. आकडा वाढला की मूळ जवळ आले.

पण कोणते मूळ? ती घड्याळे इंजिनिअर अॅलन पार्सन्स यांनी एका घड्याळांच्या दुकानात एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती, तीही या अल्बमसाठी नाही, तर चार स्पीकरांच्या क्वाड्रोफोनिक तंत्राच्या प्रात्यक्षिकासाठी. म्हणजे जे आवाज चोहीकडून ऐकवण्यासाठी टिपले, ते जगाने आधी दोनच स्पीकरांवर ऐकले. पार्सन्स यांचे स्वतःचे क्वाड मिक्सही 1973 चेच. अशा वेळी स्टिरिओ तेवढे अस्सल आणि बाकी सारे उपरे, असे म्हणता येत नाही.

याच अल्बममधले ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ऐकताना नैयायिकांचे म्हणणे पटू लागते. जानेवारी 1973 मध्ये क्लेअर टोरी ही तरुण गायिका लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत आली. बँडचे कीबोर्डवादक रिक राइट यांची पियानोची चाल तयार होती. गाण्याला शब्द नव्हते, गळ्यासाठी सुरावटही लिहिलेली नव्हती. तिने मोजक्या टेकमध्ये जे गायले ते तिथेच, त्या श्वासात सुचले. ते आधी कुठे नित्य अस्तित्वात होते आणि तिने फक्त प्रकट केले, असे म्हणणे तिच्यावर अन्याय आहे. मानधन मिळाले 30 पौंड.

तो श्वास संपला. टेपवर राहिली ती त्याची खूण, आणि प्रत्येक मिक्स हे त्या खुणेवरचे भाष्य. 1973 चे स्टिरिओही भाष्यच, पहिले. गीतेवर अनेक भाष्ये झाली म्हणून गीता हरवली नाही; मात्र भाष्यकाराने मूळ वचनाला धरून राहावे, ही अपेक्षा कायम राहिली. सराउंडलाही हीच कसोटी लावावी. आवाज किती दिशांनी फिरतो, हे गौण आहे. टोरी यांचा आवाज चढत जाऊन शेवटी कुजबुजीएवढा उरतो, तेव्हा ऐकणाऱ्याला एक माणूस जवळ असल्याचे जाणवते का? जाणवत असेल, तर ते भाष्य खरे.

टोरी 2004 मध्ये रचनेच्या श्रेयासाठी न्यायालयात गेल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्याआधीच्या प्रतींवर या गाण्याचे श्रेय एकट्या राइट यांना आहे. त्यानंतरच्या आवृत्त्यांवर दोन नावे छापली जातात: राइट आणि टोरी.